श्रीच्या फाईलचं वजन

बाटलीवर लेबल एका औषधाचं आणि आत भलतंच औषध, असं माझ्या हातून एकदा जरी झालं, तर मला लेखी खुलासा द्यावा लागेल, चौकशी होईल, आणि प्रकरण गंभीर असलं तर माझं रजिस्ट्रेशनही जाईल. जायलाच हवं. मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला एका फार्मसीत काम करते. जवळच्या 'ते रापा' भागातल्या दूध कारखान्यातली पुष्कळ माणसं आमच्याकडे औषधं न्यायला येतात. आमच्यात एकीनं औषध काढायचं, दुसरीनं तपासायचं आणि पेशंटच्या हातात देताना पुन्हा एकदा नाव वाचायचं, असा नियम आहे. ज्या दोन औषधांची नावं सारखी दिसतात ती आम्ही शेजारी ठेवतसुद्धा नाही. माणूस कधीतरी चुकणारच, हे धरूनच सगळी मांडणी केलेली असते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ज्या वस्तूबद्दल मी बोलणार आहे तिच्या बाबतीत यातला एकही नियम लागू नाही, आणि त्याची कोणाला लाजही वाटत नाही.

ती वस्तू म्हणजे एक कमांड. माझा नवरा आयटीत आहे आणि बरेचसे दिवस घरूनच काम करतो. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडून, तिच्यात अक्षरं टाइप करून कामं करण्याचा त्याला फार अभिमान. माउसनं फाईल उचलून इकडून तिकडे ठेवणारी माणसं, म्हणजे मी, त्याच्या मते अजून बालवाडीतच आहेत. त्या काळ्या खिडकीत 'टार' नावाची एक कमांड चालते. पुष्कळ फाईल्स एकत्र करून त्यांचं एक गाठोडं बांधायचं आणि हवं तेव्हा ते सोडायचं, एवढंच तिचं काम. ती आपल्याहूनही जुनी आहे, असं तो कौतुकानं सांगतो. मला त्यात कौतुकाचं काही दिसत नाही. इतकी वर्षं झाली तरी तिला धड दोन शब्द बोलायला कोणी शिकवलं नाही.

आता बाबांबद्दल. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आई गेल्यावर मी त्यांना इकडे घेऊन आले. महिन्याभरात कंटाळून परत जातो म्हणतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ते इथलेच होऊन गेले. सकाळी पायात जंडाल, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालत जायचं (किराणा दुकानाला इथे डेअरी म्हणतात), दुकानदाराला माओरी पद्धतीनं किया ओरा म्हणायचं, पाव आणि पेपर घेऊन यायचं. पेपर कळायचा किती कोणास ठाऊक, पण हवामानाचं पान वाचून ते मला छत्री घ्यायची की नाही ते सांगत. धुकं असलं की गाडी हळू चालव, हेही रोज. हॅमिल्टनला हिवाळ्यात रोजच धुकं असतं.

माझी मुलगी तेव्हा प्रायमरीत होती. इथल्या आपल्या बहुतेक मुलांसारखीच, तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. तिला झोपताना गोष्ट सांगायचं काम बाबांनी आपणहून स्वतःकडे घेतलं. गोष्टी राजा-राणीच्या नसायच्या, त्यांच्या स्टोअरमधल्या असायच्या. कारखान्यातून हरवलेला सायकलचा पंप. वॉचमननं पाळलेलं मुंगूस. मोठ्या साहेबांच्या खुर्चीचं एक चाक दर सोमवारी कोण काढून न्यायचं. मुलीनं त्यांना एका जुन्या लॅपटॉपवर आवाज रेकॉर्ड करायला शिकवलं, आणि मग रोज गोष्ट सुरू करण्याआधी ते तो लॅपटॉप तिच्या टेबलावर चालू करून ठेवायला लागले. त्यामुळे त्या रेकॉर्डिंगमध्ये तीही आहे. मध्येच तिचा आवाज येतो, "बट आजोबा, व्हाय डिडन्ट ही जस्ट कॉल द पोलीस?" आणि बाबांचं अगदी गंभीर उत्तर, "अगं, पंपासाठी पोलीस येत नाहीत." गोष्ट संपली की ते दरवेळी हळू आवाजात विचारत, "झोपलीस का गं?" मग थोडा वेळ नुसती खोली गरम ठेवणाऱ्या हीट पंपाची घरघर, आणि रेकॉर्डिंग बंद. तिनं त्याला कधी उत्तर दिलेलं मी तरी ऐकलं नाही.

जन्मभर स्टोअर सांभाळलेला माणूस, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगला नंबर आणि नाव. एक, हरवलेला पंप. दोन, मुंगूस. आणि या सगळ्यांच्या आधी शून्य नंबरची एक फाईल होती. तिचं नाव 'श्री'. ते रेकॉर्डिंग नव्हतं, साधी लिहिलेली फाईल होती आणि तिच्यात म्हणे तेवढा एकच शब्द. नव्या वहीचं पहिलं पान असो की वाणसामानाची चिठ्ठी असो, वर मधोमध श्री काढल्याशिवाय बाबांचं पेन पुढे सरकत नसे. फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीतसुद्धा आधी श्री आणि त्याखाली कांदे, टूथपेस्ट. फोल्डरला पहिलं पान नसतं याचं त्यांना वाईट वाटलं असावं, म्हणून त्यांनी ते बनवून घेतलं. मी हसले होते. नवरा त्यांना समजावायला गेला, बाबा, कॉम्प्युटरला शुभ-अशुभ काही नसतं. त्यावर बाबा म्हणाले होते, त्याला नसेल, मला आहे.

बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत हिंडतेफिरते होते, हेच काय ते समाधान.

त्यांच्या लॅपटॉपला मी बराच काळ हात लावला नाही. मग एकदा तो टेबलावर सपाट बसेना. उलटा करून बघितला तर बॅटरी फुगली होती. आता तो घरात ठेवणं धोक्याचं, हे मलाही पटलं. मी म्हटलं, बाबांचा फोल्डर आहे तसा उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवते. नवऱ्यानं नाक मुरडलं. असं सुटं सुटं ठेवायचं नसतं म्हणे. फाईल्स इकडेतिकडे होतात, एखादी चुकून पुसली जाते. मी नीट आर्काइव्ह करून देतो, एका कमांडचं काम आहे. सुट्या फाईल्स चुकून पुसल्या जातात, हे वाक्य त्याचं आहे. मी विसरलेले नाही आणि त्यालाही विसरू देत नाही.

त्यानं फोल्डर एका डिस्कवर घेतला, मीटिंग चालू असतानाच मधल्या वेळात आपली काळी खिडकी उघडली, काहीतरी टाइप केलं आणि खिडकी मिटली. मी जेवायला बोलवायला गेले तेव्हा म्हणाला, झालं, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या भाषेत एकदम मस्त. त्याच शनिवारी लॅपटॉप पूर्ण पुसून रिसायकलिंगला देऊन आला. मी त्या दिवशी त्याला आवडतात म्हणून साबुदाणावडे केले होते. आठवलं की अजून राग येतो.

मुलगी आता वेलिंग्टनला एका सरकारी खात्यात नोकरी करते. या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिचा ट्रेनमधून फोन आला. नेहमीसारखी इंग्रजीतच बोलत होती. तिच्याबरोबर घरात राहणाऱ्या मैत्रिणींना ती आजोबांच्या मुंगसाची गोष्ट सांगत होती, आणि निम्म्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की पुढे काय झालं ते तिला आठवत नाही. मग ती रेकॉर्डिंग आहेत ना, पाठव ना, म्हणाली. मी म्हटलं, गोष्ट मीच सांगते की, मुंगूस शेवटी पगाराच्या खिडकीत जाऊन बसतं. ती म्हणाली, "इट्स नॉट द स्टोरी, आई. आय कान्ट हिअर हिम एनी मोअर."

आजोबांचा आवाज तिला आठवत नव्हता. मलाही, खरं सांगायचं तर, नीट आठवत नव्हता. ते काय बोलायचे ते आठवायचं, आवाज नाही. उद्याच पाठवते म्हणाले. वर, तुझ्या बाबानं सगळं कसं व्यवस्थित बांधून ठेवलंय, असंही मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

डिस्क लावली. फोल्डर होता. त्यात गाठोडं नव्हतं, पंप नव्हता, मुंगूस नव्हतं, खुर्ची नव्हती. एकच फाईल होती, शून्य नंबरची, श्री.

नवरा आधी म्हणाला, दुसऱ्या डिस्कवर असेल. घरातल्या सगळ्या डिस्क झाल्या, ड्रॉवरमधले पेनड्राइव्ह झाले. मग म्हणाला, पुसलेलं परत आणता येतं. कसलेकसले प्रोग्रॅम आणून त्यानं कित्येक संध्याकाळी त्या डिस्कवर चालवले. त्यातून काही हाती लागलं नाही. कमांड नेमकी काय टाइप केली होती ते बघावं, तर ते ज्या लॅपटॉपवर होतं तो त्यानं नोकरी बदलताना जुन्या ऑफिसला परत केला होता. शेवटी सिंकपाशी उभा राहून, माझ्याकडे न बघता म्हणाला की गेलं बहुतेक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, गाठोडं बांधलं गेलंय की नाही हे न बघता आतला माल फेकून द्यायला तुला कोणी सांगितलं होतं? तो म्हणाला, बांधणं आणि पुसणं एकाच ओळीत टाइप केलं होतं, आधीचं नीट झालं तरच पुढचं होतं. मग आधीचं नीट झालं हे कोणी ठरवलं? कमांडनं. ती काय म्हणाली?

"काहीच म्हणाली नाही," तो म्हणाला. "काही म्हणाली नाही म्हणजे सगळं ठीक असतं."

या वाक्याशी मी अजून भांडते आहे. काही म्हणाली नाही म्हणजे ठीक! उद्या मी काउंटरवर एखाद्या म्हाताऱ्या बाईंच्या हातात पुडकं देऊन तोंडातून अवाक्षर न काढता आत निघून गेले, आणि मी काही बोलले नाही म्हणजे औषध बरोबरच आहे असं त्यांनी समजावं अशी अपेक्षा केली, तर लोक मला काय म्हणतील? हे लोक याला शिस्त म्हणतात. चांगल्या कमांडनं उगाच बडबड करू नये म्हणे. ज्यानं कोणी हा नियम केला त्याच्या घरात कोणीतरी त्याच्याशी बोलत होतं का, अशी मला शंका आहे.

त्या रविवारी त्याच्या मित्राकडे बार्बेक्यू होतं. सगळे पुण्या-मुंबईचे, सगळे आयटीतले. नवऱ्यानं झालेला प्रकार सांगितला. मला वाटलं, कोणी तरी हळहळेल. एकजण म्हणाला, काहीतरी उलटसुलट टाइप केलं असशील, क्लासिक आहे. दुसऱ्यानं पहिल्या नोकरीत अख्खा प्रोजेक्ट असाच उडवला होता, तो किस्सा त्यानं चिमट्यानं कणसं उलटी करत रंगवून सांगितला. लोक पोट धरून हसले. मी विचारलं, हे सगळ्यांचं होतं, सगळ्यांना ठाऊक आहे, तर मग ती कमांड एकदा विचारत का नाही, की बाई गं, हे पुसू का? तर म्हणे, ती तुमचं ऐकते, विचारत नाही. चूक वापरणाऱ्याची.

ती कधीच नाही म्हणत नाही का, असं मी विचारलं. तर म्हणतात, म्हणते ना! रिकामं गाठोडं बांधायला सांगितलं की ती म्हणते, मी भित्री आहे, रिकामं गाठोडं बांधायला नकार देते. अगदी याच शब्दांत लिहून येतं म्हणे. यावर पुन्हा सगळे हसले. म्हणजे काही नसलं की बाईसाहेब घाबरतात, आणि माझ्या बापाचा आवाज गिळताना बिनधास्त. मी ताट खाली ठेवलं आणि डोकं दुखतंय म्हणून गाडीत जाऊन बसले. डोकं दुखत नव्हतं.

इकडे मुलीचे मेसेज येत होते. घाई नाही, पण आय ॲम हीप्स कीन, म्हणजे कधी एकदा ऐकते असं झालंय. मी फार्मसीत काम आहे, इंटरनेट स्लो आहे, अशा थापा मारत होते. तिला कसं सांगावं ते सुचत नव्हतं. एरवी तोंडावर बोलणारी मी, पोटच्या पोरीपासून तोंड लपवत होते, आणि तेही ज्याच्यामुळे, तो मात्र ऑफिसच्या मीटिंगमध्ये हसतखेळत बोलत असे. हे लिहितानाही मला संताप येतोय.

पुढच्या रविवारी सकाळी तो माझ्याकडे येऊन म्हणाला की ती डिस्क आता मोकळीच आहे, तर फोटोंसाठी वापरतो. फॉरमॅट करतो म्हणे. मी त्याच्या हातातून डिस्क काढून घेतली. मोकळी नाहीये, बाबांची एक फाईल आहे, म्हटलं. अगं, ती एका शब्दाची फाईल, तो म्हणाला. असू दे एका शब्दाची. त्यांचा तेवढाच शब्द उरला असेल तर तो मी माझ्याकडे ठेवीन.

मी माझा लॅपटॉप घेऊन खिडकीपाशी बसले. बाहेर धुक्यात समोरचं घरही दिसत नव्हतं. माउसनं डिस्क उघडली, बालवाडीतल्या पद्धतीनं, आणि श्रीची फाईल उचलून माझ्या डेस्कटॉपवर टाकली. एका शब्दाची फाईल डोळ्याचं पातं लवायच्या आत यायला हवी. इथे हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होती आणि अजून कितीतरी मिनिटं लागतील असं लॅपटॉप सांगत होता.

आमच्या कामात हाताला सवय होते. रिकामी म्हणून बाजूला ठेवलेली बाटली उचलली की ती रिकामी आहे की नाही ते लेबल वाचायच्या आधी मनगटाला कळतं. मी फाईलवर उजवं क्लिक करून तिचा आकार बघितला. नवऱ्याला हाक मारली. तो स्वयंपाकघरातूनच म्हणाला, करप्ट झाली असेल.

"इकडे ये," मी म्हटलं. "एका शब्दाचं वजन एवढं असतं का?"

तो आला. आकडा बघितला. इतक्या दिवसांत त्यानं त्या फोल्डरमधलं नाव शंभरदा वाचलं होतं, नावापुढचा आकडा एकदाही बघितला नव्हता. लेबल वाचलं आणि बाटली उचललीच नाही. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला आणि काळी खिडकी उघडायला लागला. मी त्याचा हात धरला. आधी फाईल पूर्ण उतरू दे, मग तिची अजून एक प्रत काढू दे, आणि त्या प्रतीवर काय ते कर. मूळ फाईलला तू हात लावायचा नाहीस. त्यानं हात मागे घेतला. हिरवी पट्टी पुरी झाली, मी प्रत काढली.

मग त्यानं टाइप केलं. या कमांडला बांध, सोड आणि नुसतं आत काय आहे ते दाखव, या तिन्हीसाठी एकेक अक्षर आहे. बांधायचं आणि सोडायचं यांत फरक एका अक्षराचा, आणि कीबोर्डवर ती दोन अक्षरं अगदी शेजारीशेजारी. आमच्या फळीवर असं कोणी ठेवलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं. मी म्हटलं, आधी दाखव. त्यानं ते अक्षर दोनदा तपासलं, माझ्याकडे बघितलं आणि एंटर दाबलं.

हरवलेला पंप. मुंगूस. साहेबांची खुर्ची. दिवाळीचा बोनस आणि मिठाईचे खोके. एकामागून एक नावं खिडकीतून वर सरकत गेली. बाबांनी दिलेली नावं, बाबांनी दिलेले नंबर. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मला त्याचाही राग आला, कारण रडणं यायला आठवडे उशीर झाला होता आणि तो उशीर मी केलेला नव्हता.

काय झालं होतं ते त्यानं मला मग समजावून सांगितलं. कमांडला आधी गाठोड्याचं नाव सांगायचं असतं आणि मग, इथलं सगळं आत घाल, अशी एक खूण द्यायची असते. मीटिंगमधल्या बोलण्याकडे एक कान ठेवून टाइप करताना तो गाठोड्याचं नाव घालायचंच विसरला. नुसती खूण दिली. मग त्या फोल्डरमध्ये जी फाईल पहिली होती तिचं नाव कमांडनं गाठोड्याचं नाव म्हणून घेतलं, त्या फाईलमध्ये होतं ते पुसलं आणि बाकीचं सगळं तिच्यात भरलं. पहिली फाईल होती श्री. काम नीट झालं, म्हणून ती काही बोलली नाही. आणि मग ओळीच्या उरलेल्या भागानं फोल्डरमधली सगळी रेकॉर्डिंग पुसून टाकली.

एवढं सांगून तो म्हणाला, "बाबांची ही फाईल नसती तर काहीच राहिलं नसतं."

मला लगेच कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. श्री नसती तर पहिला नंबर पंपाच्या गोष्टीचा. सगळ्या गोष्टी पंपाच्या फाईलमध्ये गेल्या असत्या. ते नाव रेकॉर्डिंगचं, म्हणून पुढच्याच क्षणी बाकीच्या रेकॉर्डिंगबरोबर तेही पुसलं गेलं असतं, आतल्या सगळ्यासकट. श्री ही लिहिलेली फाईल होती, रेकॉर्डिंग नव्हतं, म्हणून तेवढीच वाचली. बाबांनीच वाचवलं बघ, तो गहिवरून म्हणाला.

मी त्याला तिथेच थांबवलं. माझ्या बापाला यात ओढू नकोस. चमत्कार झाला म्हणून हात जोडले की चूक कोणाची ते विचारायची सोय राहत नाही. बाबांनी आपल्या रीतीप्रमाणे पहिलं पान ठेवलं होतं. तू आणि तुझी ती मुकी कमांड, दोघांनी मिळून ते पुसलंत. त्यांनी जे सगळ्यात वर ठेवलं होतं नेमकं तेच गेलं. आणि ते मी कधी उघडूनही बघितलं नव्हतं. आत खरंच एकच शब्द होता की त्याखाली त्यांनी आणखी काही लिहिलं होतं, हे आता कोण सांगणार होतं?

गाठोडं सोडलं, सगळ्या गोष्टी बाहेर आल्या. एकही गेली नव्हती. मी त्या सुट्यासुट्याच ठेवल्या, माउसनं, तीन ठिकाणी. त्याच दुपारी मुलीला फोन करून सगळं खरं सांगितलं. बापावर भडकेल असं वाटलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं ते भलतंच. सो द श्री फाईल इज गॉन?

मी म्हटलं, हो, तेवढीच गेली, आत काय होतं कोणास ठाऊक. तर म्हणते, मला ठाऊक आहे, ती मीच टाइप केली होती. आजोबांना कीबोर्डवर मराठी सापडेना, म्हणून पहिल्या गोष्टीच्या आधी त्यांनी तिला बसवून ती करून घेतली. फक्त श्री, बाकी काही नाही. पण अक्षर ओळीच्या बरोबर मध्ये आलं पाहिजे म्हणून आजोबा मागे लागले होते, तेव्हा तिनं आधी स्पेस दाबून दाबून ते मधोमध नेलं. तिनं जन्मात मराठीत टाइप केलेलं तेवढंच.

रेकॉर्डिंग तिला पाठवली. नंतर बरेच दिवस तिचा फोन आला नाही. ऐकली का, असं मी विचारलं नाही. मग एका संध्याकाळी तिची ईमेल आली. मजकूर काही नव्हता, नुसती एक फाईल जोडलेली होती. नंबर शून्य, नाव श्री. मी ती आधी डेस्कटॉपवर उतरवली, आकार बघितला आणि मगच उघडली.

वर, मधोमध, श्री. खाली एक ओळ होती.

'आजोबा, मी झोपले नव्हते.'

नवरा माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता. तो काही बोलला नाही. कोणी काही बोललं नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी आता धरत नाही. म्हणून मी वळून बघितलं. तो डोळे पुसत होता.